धाकट्याच्या शहरात

विमानतळाच्या दारातून बाहेर पडल्यावर आईनं त्या शहराचं पहिलं काही पाहिलं असेल, तर ते खांदे. ठरवून नव्हे. नवऱ्याच्या, म्हणजे मोठ्या मास्तरांच्या, शिलाईच्या दुकानात जिची उभी हयात गेली, तिची नजर आधी खांद्यावर जाते, मग चेहऱ्यावर. इथले खांदे सगळे तयार कपड्यांतले. कुणाची शिवण दंडावर उतरलेली, कुणाची गळ्याकडे ओढलेली, आणि त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

"एकाच्याही अंगावर त्याच्या मापाचं काही नाही," ती म्हणाली.

"आई, तू बॅगांकडे लक्ष दे," थोरला म्हणाला.

टॅक्सीत तो पुढे बसला, आई आणि मधली मागे. टॅक्सीवाल्यानं आरशातून एकदा पाहिलं आणि रेडिओ बंद केला. मागे कसली माणसं बसली आहेत हे कळायला त्याला भाषा लागली नाही.

रस्ता असा गुळगुळीत, की गाडी चालली आहे हे खिडकीबाहेर पाहूनच कळावं. दोन्ही बाजूंना एकाच उंचीच्या इमारती, दुकानातल्या फळीवर लावलेल्या गठ्ठ्यांसारख्या. सगळ्या खिडक्या बंद. एवढी माणसं राहतात, मग यांचं धुणं वाळतं कुठं? कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. आभाळ अस्तराच्या कापडासारखं, पांढरंही नाही आणि करडंही नाही. एक माणूस जीव खाऊन पळत होता आणि त्याच्या मागे कुणीच लागलेलं नव्हतं. मग एक कुत्रं दिसलं. त्याच्या अंगात कोट होता, आणि तो मात्र पाठीवर एक सुरकुती न पडता बसला होता.

'माणसांपेक्षा कुत्र्याचं माप बरं घेतलंय की रे,' हे धाकट्याला सांगायचं असं तिच्या मनात आलं. तो फोनवर खो खो हसला असता. तोंड उघडलंही होतं तिनं. मग तिनं ते मिटलं आणि पदर सारखा केला.

"गुंडी माझ्याकडे राहील," शेजारून मधली म्हणाली. "निघायच्या आधीच ठरलंय."

"कुणी ठरवलं?" थोरल्यानं मान न वळवता विचारलं.

"धाकटीनं फोनवर सांगितलं, वर्षभर घेऊन जा म्हणून."

"घेऊन जा म्हणाली. तुझ्याकडे ठेवा नाही म्हणाली. माझ्या घरात दोन पोरं आहेत, तिला सोबत होईल."

"तुझी पोरं! गेल्या महिन्यात एकानं दुसऱ्याच्या डोक्यात पट्टी घातली, टाके पडले. ती सोबत?"

"भावंडं भांडतातच."

"हो, ते दिसतंच आहे," मधली म्हणाली.

दुकानात बायकांच्या कपड्यांचं काउंटर कुणी सांभाळायचं यावरून ही दोघं दोन वर्षं सणकी बैलांसारखी तोंडं फिरवून होती. धाकटा गेल्याची बातमी आली तेव्हा एकमेकांच्या गळ्यात पडली. आता परत जागच्या जागी आली होती, एवढंच. कागदपत्रं मिळायला लागलेल्या दिवसांत इथलं सगळं उरकून गेलं होतं. शेवटचं तोंडसुद्धा कुणाला पाहायला मिळालं नाही. आता न्यायला उरली होती ती त्याची पाच वर्षांची लेक, गुंडी. परतीची तिकिटं चार काढलेली होती.

*

धाकटी, धाकट्याची बायको, इमारतीच्या खाली उभी होती. आईनं तिचा दंड धरला आणि सोडलाच नाही.

"अगं, हा काय दंड राहिला?"

"जेवते मी, आई."

"दिसतंय."

जिना अरुंद होता. चौथ्या मजल्यावर दार उघडलं आणि समोरच खुंटीवर धाकट्याचा कोट होता. इतका वेळ धीरानं आलेली मधली तिथेच बसली आणि तिनं हंबरडा फोडला. लगेच पायाखालून ठक ठक ठक. कुणीतरी काठीनं छत ठोकत होतं.

"हे काय?" थोरला दचकला.

"खालचे आजोबा," टेबलाखालून आवाज आला. "त्यांना आवाज चालत नाही. आपण इथं हळू रडायचं. आई उशीत रडते."

सगळे वाकले. टेबलाखाली गुंडी बसली होती, एका पायात मोजा, एक पाय उघडा. चेहरा धाकट्याचा. तीच रुंद जिवणी, तीच एक भुवई किंचित वर. फोनवर हा चेहरा त्यांनी किती वेळा पाहिला होता, पण खोलीत तो समोर आला तसा थोरल्यानं भिंतीचा आधार घेतला.

"ये, आत्याकडे ये," मधलीनं हात पुढे केले.

गुंडीनं दोन्ही हातांकडे पाहिलं आणि आईच्या, म्हणजे धाकटीच्या, पायाला जाऊन चिकटली.

धाकटीला ते चिकटणं नको होतं. म्हणजे, आज नको होतं. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तिची पाळी उजाडायच्या आधी सुरू व्हायची. तो होता तोवर गुंडीचं उठणं, दूध, वेण्या, शाळा सगळं त्याचं. आता शेजारच्या बाई पोरीला शाळेत सोडायच्या, पण त्यांचं बिऱ्हाड पुढच्या महिन्यात हलणार होतं. ओल्या चादरींचे ढीग गरम रुळांत घालताना धाकटीला एकच दिसायचं: सकाळी जागी झालेली पोर आणि घरात कुणी नाही. म्हणून तिनं फोन केला होता. 'हिला घेऊन जा, वर्षभर. मी सावरते.' बोलून टाकलं, आणि पलीकडून लगेच 'हो' आलं. इतक्या लगेच, की तिला स्वतःचंच वाक्य परत मागता येईना.

चहा करताना आई तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"तुझं नक्की आहे ना?"

"तुम्ही सगळे एवढ्या लांब आलात, आई."

"मी वेगळं विचारलं."

धाकटीनं चहा गाळला. थोडा कपाबाहेर सांडला. "साखर किती घालू?" तिनं विचारलं.

*

दुसऱ्या दिवशी धाकटीला सुट्टी होती. सकाळी थोरल्यानं मोठी बॅग उघडली आणि फ्रॉक एकेक करून पलंगावर मांडले. निळा, ठिपक्यांचा, पिवळा, लेस लावलेला. बातमी आल्यापासून निघेपर्यंत दुकानाचं दार अर्धं ओढून तो हेच करत बसला होता. हात चालू राहिले तरच डोकं गप्प बसायचं.

फोन करून माप विचारावं हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. घरातल्या पोराला फीत लावायची नाही, ही मोठ्या मास्तरांची शिस्त. फीत गिऱ्हाइकाला. घरच्याला घरचा कागद. दुकानाच्या दारामागे खिळ्याला खाकी कागदांचा जुडगा होता, प्रत्येक पोराचा प्रत्येक वयाचा बेतलेला नमुना. बापाचा कागद पोराला लावायचा, इकडे बोटभर, तिकडे बोटभर, की झालं. थोरल्याच्या मुलांचे कपडे थोरल्याच्याच कागदावर निघत. म्हणून यावेळी त्यानं मास्तरांच्या हातचा, पेन्सिलनं 'धाकटा, पाच' लिहिलेला कागद काढला. कापडावर टाचला आणि कात्री लावली. त्या कागदाला खडूचा आणि वडिलांच्या तपकिरीचा वास येत होता.

"घाल बघू पिवळा," तो गुडघ्यावर बसला.

फ्रॉक गुंडीच्या डोक्यातून खाली आला आणि थांबला नाही. गळा एका खांद्यावरून घसरला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या. घेर छातीशी पोत्यासारखा लोंबला.

"हलू नको गं राणी."

"मी हलत नाहीये, काका. फ्रॉक हलतोय."

"टाचण्या दे गं."

मधलीनं टाचण्या दिल्या. त्यानं डावा खांदा उचलून टाचला, तर उजवा गेला. उजवा टाचला, तर पाठ वर चढली. निळा घातला. तेच. ठिपक्यांचा घातला. गुंडी शहाण्यासारखी हात पसरून उभी होती, ओठांच्या कडेला दुधाची मिशी तशीच.

"काका, हे कुणाचे कपडे आहेत?"

"तुझेच की. तुझ्यासाठीच शिवलेत."

"माझे नाहीत," ती म्हणाली. रुसून नव्हे. शाळेत चुकून दुसऱ्याचं दप्तर हातात आलं तर सांगावं, तसं.

"अगं, एक टीप आत घेतली की झालं," मधली घाईनं म्हणाली. "घरी गेलो की आत्या सगळे नीट करेल."

"टिपेचं काम नाही हे," थोरला म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "खांदाच वेगळा आहे."

"वेगळा म्हणजे?"

त्यानं मान वर केली आणि दारात उभ्या धाकटीकडे पाहिलं. उतरते खांदे, लांब हात, अरुंद पाठ. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, आणि या घरातल्या एकाही माणसानं तिच्याकडे असं मापानं पाहिलं नव्हतं. आता तिघंही पाहत होते. धाकटीनं ओढणी अंगाभोवती घेतली.

"हिचा खांदा आहे," थोरला म्हणाला. "तोंडावळा बघून मी फसलो."

आई पलंगाच्या कडेला बसली होती. तिनं निळा फ्रॉक मांडीवर घेतला, शिवण बोटांनी चाचपली. काम सुरेख होतं. गळपट्टीचा एक टाका इकडचा तिकडे नव्हता.

"धाकट्याला हा असा बसला असता," ती म्हणाली.

मग तिनं फ्रॉकची घडी घातली.

"आपण हिला न्यायला आलोच नाही रे. आपण त्याला न्यायला आलो."

"आई, काहीतरीच बोलू नकोस," मधली म्हणाली.

"पोरीला आई आहे. धडधाकट, समोर उभी आहे. कुणाच्या घरी राहील यावरून तुम्ही टॅक्सीत भांडलात. मीही ऐकत बसले, कारण मलाही ती भुवई घरात हवी होती."

"हिनंच सांगितलं ना न्या म्हणून!" मधली धाकटीकडे वळली. "आता सांग की! सांग, मी ओढून नेतेय का?"

"मीच म्हणाले," धाकटी म्हणाली. "खरं आहे, ताई. मला सुचत नव्हतं. आभाळच फाटलंय, ठिगळ लावणार कुठंकुठं? पण..." तिनं गुंडीच्या खांद्यावरून फ्रॉक हळूच काढला, टाचण्या सांभाळत. "फोन ठेवल्यापासून वाट बघत होते, कुणीतरी 'नाही' म्हणेल म्हणून. तुम्ही कुणी म्हणालाच नाहीत."

"बाळ, तू जा, रंगव तिकडे," थोरला म्हणाला. गुंडी गेली नाही. बनियनवर, उघड्या हातांनी, ती सगळ्यांची तोंडं बघत उभी राहिली.

"मी खोली रंगवली तिच्यासाठी," मधली म्हणाली. आवाज इतका खाली, की खालच्या आजोबांनाही ऐकू गेला नसता. "पलंग आणला छोटा. आई, तुला दोन नातू आहेत, ही नात आहे. दादाला त्याची पोरं आहेत. मला काय आहे, ते सांग ना."

आईनं लेकीचा हात धरायला हात पुढे केला. मधलीनं तो धरू दिला नाही.

*

दुपारी थोरला आणि मधली बाहेर पडले. निमित्त चालायचं होतं. एकमेकांशी न बोलता ते धाकट्यानं कधीतरी फोनवर दाखवलेल्या त्या मोठ्या कपड्यांच्या दुकानापाशी आले. तळमजल्याच्या कोपऱ्यात काचेपलीकडे कपडे कमी-जास्त करून द्यायचा कक्ष होता. मशीन, दिवा, धाग्यांची रिळं लावलेली फळी. याच मशीनवर मान टेकून तो गेला होता.

मशीनवर एक माणूस बसला होता. चष्मा कपाळावर, तोंडात दोन टाचण्या. एका पॅन्टची पट्टी दुमडत होता.

"माणूस ठेवला यांनी," मधली म्हणाली.

"ठेवणारच."

"इतक्यात?"

थोरला काचेला नाक लावून बघत राहिला. "हात चांगला आहे त्याचा," तो म्हणाला.

"दादा, गप्प बस."

लोक त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखे वाहत होते. कुणी धक्का मारत नव्हतं, कुणी थांबत नव्हतं. मधलीला वाटलं, या शहरात माणूस मेला तर जागासुद्धा रिकामी दिसत नाही. मग वाटलं, आपणही तेच करायला निघालो होतो. त्याच्या जागी त्याची पोर बसवायला. ते तिनं बोलून दाखवलं नाही. पुढेही कधी दाखवलं नाही.

"आई परत यायची नाही म्हणतेय," थोरला म्हणाला.

"माहितेय. स्वयंपाकघरात ऐकलं मी."

"भाषेचं अक्षर येत नाही तिला इथल्या. मी म्हटलं, कशी राहशील? तर म्हणे, गुंडीला येतं की. माझ्या व्हिसाची मुदत आहे तोवर राहीन, म्हणे. पोरीला शाळेत सोडीन, आणीन. तोवर धाकटीला दिवसपाळी मिळेल."

"नाही मिळाली तर?"

"मग मी येईन म्हटलं."

"तुला स्वतःचा भांग पाडायला बायको लागते, तू वेण्या घालणार?" मधलीला हसू आलं, आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली. थोरल्याला बहिणीचं रडणं कधीच झेपलं नव्हतं. तो म्हणाला, "काउंटरचं तू बघ. बायकांच्या. गेल्यावर बघ." आणि परत काचेत बघायला लागला.

येताना त्यांनी आईसाठी एक गरम कोट विकत घेतला. आयता. घराण्यात पहिला. तो आणताना दोघांचीही तोंडं चोरट्यासारखी झाली होती.

*

ती दोघं गेली. विमानात एक जागा आईची आणि एक गुंडीची रिकामीच गेली असणार. निघताना मधलीनं गुंडीची पापी घेतली, धाकटीला जवळ घेतलं, आणि आईकडे न बघता जिना उतरली. चौथ्या पायरीवरून परत आली. "औषध जेवणानंतर घे, आधी नको," एवढं सांगून गेली.

सोमवारी धाकटी अंधारातच कामाला गेली. आईनं गुंडीला उठवलं. पोर झोपेत गरम पावासारखी मऊ होती. एक वेणी घट्ट झाली, एक सैल. बाबा दोन्ही सारख्या घालायचे, असं गुंडीनं सांगितलं. आजीनं सैल सोडून परत घातली.

मग दोघी खाली उतरल्या आणि ते शहर सुरू झालं. पहिल्या दिवशी टॅक्सीच्या काचेतून गप्प वाटलं होतं. पायी चालताना ते गप्प नव्हतं. फक्त आवाज दुसरे होते. बुटांचे, सायकलींचे, कुठल्यातरी दुकानाचं शटर. गुंडीचा हात हातात होता आणि नेत गुंडी होती.

"आजी, इथून नाही. पट्ट्यांवरून."

"बरं."

"हिरवा माणूस आला की जायचं. लाल माणूस उभा असला की आपणपण उभं राहायचं. गाडी नसली तरी."

"गाडी नसली तरी?"

"तरीपण."

"कोण बघतंय?"

गुंडीनं यावर जरा विचार केला. "बाबा म्हणायचे, कुणी बघत नाही म्हणूनच."

शाळेच्या फाटकाशी तिनं हात सोडवून घेतला. टोपी सरळ केली आणि आत पळाली. वळून पाहिलं नाही. ते बरंच झालं.

आई परत निघाली. बेकरी, औषधाचं दुकान, मग चौक. घर चौकाच्या अलीकडेच होतं, उजव्या हाताला वळलं की दुसरं दार. ती कोपऱ्यावर उभी राहिली आणि का कोण जाणे, तिथून पाय हलेना.

बातमी आली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. थोरला कोसळला, त्याला धरायचं होतं. मधलीला फिट आल्यासारखं झालं, तिला कांदा हुंगवायचा होता. आलेल्या-गेलेल्यांना पाणी द्यायचं होतं. 'तुम्ही धीर धरलात तर पोरं धरतील' असं जो तो सांगत होता, आणि तिनं धरला होता. विमानात धरला, चौथ्या मजल्यावर धरला. इथे, या कोपऱ्यावर, धीर धरावा असं कुणीही नव्हतं. एकही माणूस तिला ओळखत नव्हता. ती भर रस्त्यात, दोन्ही हातांत तोंड घेऊन, मोठ्यानं रडली. लहानपणी त्याला हाक मारायची त्या नावानं हाका मारत रडली. शहर तिच्या दोन्ही बाजूंनी जात राहिलं.

किती वेळ गेला कळलं नाही. मग कुणीतरी कोपराला हात लावला. साधारण तिच्याच वयाची एक बाई होती, हातात भाजीची पिशवी. तिनं काहीतरी विचारलं. आईनं मान हलवली. तिनं परत विचारलं, जास्त हळू, जास्त मोठ्यानं, आणि समोरच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. गाड्या धडाधड जात होत्या. बाईला वाटलं होतं, म्हातारी रस्ता ओलांडता येईना म्हणून रडते आहे.

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आईचा दंड आपल्या काखेत घट्ट धरला आणि हिरव्या माणसाची वाट बघत उभी राहिली. तो आला. दोघी पट्ट्यांवरून चालत पलीकडे गेल्या. अर्ध्या रस्त्यात बाई काहीबाही बोलत होती. त्यातला शब्द कळत नव्हता, पण सूर ओळखीचा होता. 'झालं हं, झालं, आलंच.'

पलीकडे पोचल्यावर तिनं आईच्या पाठीवरून हात फिरवला, समाधानानं मान डोलावली, आणि आपल्या वाटेनं गेली.

घर अलीकडे राहिलं होतं. आईनं नाक पुसलं, आणि परत यायला लाल माणसासमोर उभी राहिली. एकही गाडी येत नव्हती. तरी ती उभी राहिली.